तात्यांचा पांढरा कोट

"अरं ए शहाण्या, बाहेर ये! बाहेर ये म्हंते न्हवं! त्या बिचाऱ्याच्या कोटाचं काय करून ठेवलंस ह्ये? रंगपंचमी खेळलास व्हय त्याच्यासंगं?"

मोटेचं पाणी येऊन पडतं त्या दगडी थारोळ्यावरून मावशी ओरडत होत्या. मावशींचा आवाज म्हणजे साधा आवाज नव्हे. त्या गोठ्यातल्या म्हशीला हाक मारायच्या आणि तिकडे चिखलीच्या शिवारातल्या म्हशी माना वर करायच्या. त्या दिवशी तर फाटकाशी उभी असलेली मालगाडी, गार्डानंच इशारा दिला असं समजून हलली, असं मी पुढे वर्षानुवर्षं सांगत आलो. आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी ते खरं मानलं.

रविवारची सकाळ होती. मी पडवीत आरशाच्या तुकड्यापुढे मिशीला पीळ देत होतो. एका बाजूची मिशी वर, दुसरी खाली, तसाच धावलो.

मावशींच्या दोन्ही हातांत तात्यांचा कोट लोंबत होता. काल संध्याकाळपर्यंत पांढरा असलेला तो कोट तान्ह्या पोराच्या तळव्यासारखा गुलाबी झाला होता. आणि गुलाबी तरी एकसारखा? पाठीवर फिका, बाहीवर गडद, आणि खिशापाशी तर कुणी पान खाऊन पिचकारी मारावी तसा. घमेल्याच्या तळाशी माझा नवाकोरा तांबडा पटका वेटोळं घालून बसला होता. त्याच्याच शेजारी तात्यांची एकुलती एक बंडी, तीही तशीच रंगलेली.

"दुकानदार म्हणाला होता रंग पक्का आहे," मी म्हणालो.

"दुकानदार म्हनला! दुकानदाराच्या बानं धुऊन बघितला व्हता का?"

तात्या मागे उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मावशींच्या हातून कोट घेतला, उन्हाकडे धरला आणि नुसता बघितला. तात्या नगरकडचे विणकर. चाळिशी उलटलेली, अंगानं उंच आणि काटकुळे. गावी त्यांचा हातमाग होता. तो बंद पडला तेव्हा कारखान्यात काम मिळतं ऐकून ते इकडे आले. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या सदऱ्याच्या पोताकडे बघायची त्यांना सवय. मी पटका विकत आणला त्याच दिवशी त्यांनी त्याचा पदर बोटाला थुंकी लावून चोळला होता आणि म्हणाले होते, "कच्चा हाये रं. येगळा धू." मी हसलो होतो. कपडे धुण्यातलं मला सांगणारा अजून जन्माला यायचा होता.

हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

मावशी पिंपरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. गोठ्याला लागून त्यांची एक पडवी होती, ती त्यांनी आम्हा दोघांना राहायला दिली होती. मी साताऱ्याकडचा, विशीतला, तोंडाळ. रेल्वे फाटकापलीकडे एका शेटजींनी डोळ्यांच्या औषधाच्या कुप्या भरायचा लहानसा कारखाना काढला होता. तिथं आम्ही दोघेही कामाला. मी बाहेर, पेट्यांमध्ये पेंढा कोंबायच्या कामावर. मला खाकी. त्यावर काहीही सांडलं तरी ते शोभूनच दिसे. तात्या मात्र आत, जिथं कुप्या भरतात त्या खोलीत. तिथं पांढरा कोट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. कोटावर मोहरीएवढा डाग दिसला तरी दारावरचा मुकादम परत पाठवायचा. कंपनीनं कोट दिले दोन, धुवायचे मात्र ज्यानं त्यानं घरी. तात्यांच्या एका कोटाची बाही काचेनं चिरली म्हणून तो स्टोअरात जमा होता. बदली मिळायला आठवडा होता. राहिला हा एक.

आणि सोमवारी शेटजी स्वतः येणार होते. सहा महिने कच्चे म्हणून ठेवलेल्या माणसांचं काम बघून कुणाला कायम करायचं ते ठरवणार होते. जो कायम होईल त्याला कारखान्यामागच्या नव्या चाळीत एक खोली.

त्या एका खोलीवर तात्यांचं सगळं अडलं होतं. त्यांची बायको दोन वर्षं आपल्या भावाच्या घरी होती, भावजयीच्या हाताखाली. तात्या हे कधी तोंडानं बोलले नाहीत. मला ठाऊक होतं, कारण त्यांची पत्रं मी वाचायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. बायकोकडून भावाचा मुलगा लिहायचा: "आम्ही बऱ्या आहोत. काळजी करू नये. भाकरी मिळते." त्या 'मिळते'वर तात्या मला तीनतीनदा थांबवायचे. "काय लिव्हलंय? मिळते? बरं."

आता माझ्या धुण्याबद्दल. खोटं कशाला बोला, त्या काळात पिंपरीपासून आळंदीपर्यंत माझ्यासारखा कपडे धुणारा नव्हता. निदान मी तरी तसं सांगत असे. आईविना वाढलो, त्यामुळे लहानपणीच दगडाशी ओळख झाली. कारखान्यातली एकटी राहणारी माणसं रविवारी डाग घेऊन माझ्याकडे यायची, वैद्याकडे यावं तशी. मी थारोळ्याच्या कठड्यावर बसायचो आणि कापड हातात न घेता, लांबूनच निदान करायचो. रक्त? गार पाणी. गरम लावलंस तर डाग जन्माचा सोबती. गंज? लिंबू, मीठ आणि ऊन. तेल? आधी चण्याचं पीठ चोळ, मग साबण. हळद? साबण लावलास की लाल होईल, पण घाबरू नकोस. उन्हात टाक, सूर्य तिला खाऊन टाकतो. मावशींच्या विहिरीचं पाणी जड. साबणाचा फेस काही येत नसे, उलट नासलेल्या दुधासारखे कण कपड्याला चिकटून बसत. मी ते पाणी धुण्याचा सोडा घालून उकळायचो, निवू द्यायचो, आणि वरचं तेवढं घ्यायचो. मग फेस असा यायचा की एकदा मावशींची कोंबडी त्यात हरवली आणि दुसऱ्या दिवशी पांढरी होऊन निघाली.

कांजी मी अशी करायचो की बोलायची सोय नाही. एकदा मला ताप भरला होता. माझा पायजमा कांजी पिऊन दोरीवर इतका कडक झाला होता की तो उतरला, एकटाच कामावर गेला आणि संध्याकाळी हजेरी लावून परत आला. मुकादमाला फरक कळला नाही. उलट म्हणाला, आज बडबड कमी केली.

अशा माणसाच्या हातून पांढरा आणि तांबडा एका घमेल्यात पडले, तेही ऊन पाण्यात. का पडले? कारण मला एकच आधण पुरवायचं होतं. दुसरं कारण नाही.

"तात्या," मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत हा कोट असा पांढरा करून देतो की शेटजी डोळ्यांवर हात धरतील."

"व्हईल का?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते.

"होईल म्हणजे? तुम्ही मला ओळखता ना?"

"म्हनूनच इचारतोय."

दुसऱ्याचा कोट घालून भागण्यासारखंही नव्हतं. खिशावर काळ्या दोऱ्यानं ज्याचा त्याचा नंबर काढलेला असे, आणि हजेरी त्या नंबरावर. तरी तात्या म्हणाले, हेडक्लार्क चिंचवडला राहतात, त्यांच्या घरी जाऊन बघतो. स्टोअरातला फाटका कोट एका दिवसापुरता देतील तर मी बाही शिवून घेईन. बंडी ओलीच होती. सदरा उघड्या अंगावर चढवून ते नदीच्या वाटेनं चालू लागले.

मी कामाला लागलो. आधी कोट मिठाच्या पाण्यात घातला. मग ताकात. मावशींनी ताक दिलं पण तोंड बंद ठेवलं नाही.

"म्हशीला पाजलं असतं तर दूध तरी दिलं असतं तिनं."

मग लिंबू. मग रिठे. मग सोड्याच्या पाण्यात उकळला. एवढं करून तो गुलाबीचा फिका गुलाबी झाला, म्हणजे अधिकच वाईट. आता तो मुद्दाम रंगवून आणल्यासारखा दिसायला लागला. दुपारी गवतावर पसरला आणि दर घटकेला पाणी शिंपडत बसलो. पांढऱ्याला ऊन हे औषधच, पण ते दहा दिवसांचं औषध आहे, माझ्याकडे दुपार होती. एव्हाना कारखान्यातली चारपाच जणं जमली होती. बातमी पसरली होती.

"काय वैद्यबुवा, रोगी जगतो का?"

"का पटक्याचंच लगीन लावताय कोटाशी?"

मी हसत हसत कोटावर पाणी शिंपडत राहिलो. आणि तेव्हा मला ती पावडर आठवली.

उन्हाळ्यात पटकीची साथ आली की पंचायतीकडून विहिरीत टाकायला पांढरी पावडर मिळे. मावशींनी उरलेली एका चिनीमातीच्या बरणीत झाकून गोठ्याच्या वळचणीला ठेवली होती. झाकण काढलं की नाकात काटे टोचत. रंग उडवायला हिच्यासारखं काही नाही, हे मला ऐकून माहीत होतं. किती घ्यायची ते माहीत नव्हतं.

"आख्ख्या हिरीला दोन मुठी टाकत्यात रं," मावशी म्हणाल्या. "तू बादलीला किती टाकतोस?"

"दोन मुठी," मी म्हणालो.

"आरं, पर—"

"मावशी, विहीर काय पांढरी करायची असते का?"

लोक हसले. त्या हसण्यावर मी तिसरी मूठही टाकली.

पावडर नीट विरघळवून, निवळ पाणी गाळून घ्यायचं असतं, हे मी पुढे शिकलो. त्या दिवशी गुठळ्यांसकट कोट आत दाबला आणि काठीनं ढवळला. आणि मग काय सांगू! डोळ्यांदेखत रंग निघून गेला. बाहीवरचा गेला, पाठीवरचा गेला, खिशाशी पिचकारी होती ती गेली. पाणी तसंच, आणि कोट पांढरा. कारखान्यातून आला होता तेव्हाही इतका पांढरा नव्हता. बगळा बघून लाजला असता. जमलेल्यांचं हसू थांबलं. एकानं "आयला!" म्हटलं, आणि त्या एका शब्दासाठी मी जन्म काढला होता असं मला वाटलं.

आता पुढचं. असा कोट खळखळून काढावा लागतो. एका पाण्यातून, दुसऱ्यातून, तिसऱ्यातून, नाकाला धरला तर वास येईनासा होईपर्यंत. मोटेचे बैल रविवारी सोडलेले होते; पाणी पोहऱ्यानं ओढायचं होतं. विहीर खोल गेलेली. मी एक बादली ओढली, कोट त्यात बुचकळला, पिळला आणि दोरीवर टाकला.

"अजून एकदा काढ की," मावशी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांत जातोय त्याचा वास."

"ऊन चाललंय मावशी," मी म्हणालो. ऊन चाललं होतं हे खरं. पण लोकही चालले होते. त्यांनी तो दोरीवर फडफडताना बघायला हवा होता.

अर्धवट वाळला तसा उतरवला आणि इस्त्री केली. आमची इस्त्री म्हणजे तांब्या. आत लाल निखारे भरायचे आणि फडक्यानं धरून फिरवायचा. त्या उष्णतेनं कापडातून पुन्हा तो वास उठला, नाकात झणझणला. मला तो विजयाचा वास वाटला.

दिवेलागणीला तात्या परत आले. हेडक्लार्क घरी नव्हते. लग्नाला गेले होते. तात्या ओट्यावर दोन-तीन तास बसून राहिले होते आणि मग तसेच उठून आले. कोट खुंटीवर होता. त्यांनी कंदील वर केला आणि कितीतरी वेळ बघितलं.

"झाला की रं," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी एरवी कधी बघितलं नव्हतं. मला वाटतं, त्यांना कोट दिसतच नसावा. खोली दिसत असावी.

माझ्या पोटात मात्र कालपासून आणखी एक गोष्ट होती, ती आता सांगतो. शनिवारी तात्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं होतं. मजकूर एवढाच: सोमवारी समजेल, मग कळवतो. मी लिहायला बसलो आणि हात आपोआप चालत गेला. "आम्ही कायम झाल्यातच जमा आहोत. चाळीत खोली मिळते. दाराशी नळ आहे, चोवीस तास पाणी. विहीर, नदी काही नाही. हे पत्र मिळताच निघून यावे." तात्यांना मी वाचून दाखवलं ते वेगळं. टपालात टाकलं ते हे. मला वाटलं, माउली दोन दिवस आधी आनंदात राहील. थाप मारणाऱ्याला वाटतं, जग आपल्या थापेला जरा उशिरानं का होईना, गाठतंच.

सोमवारी सकाळी तात्यांनी कोट घातला. बंडी गुलाबी आणि सदरा पट्ट्यापट्ट्यांचा, दोन्ही कोटाच्या गळ्याशी दिसले असते. म्हणून आत काही नाही. बटणं लावण्याआधी त्यांनी कोटाचा काठ अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरला, हलकेच चोळला आणि थांबले. मग नाकाशी नेला.

"काय झालं तात्या?"

"काय न्हाई."

"काय पांढरा आहे, नाही?"

"हाये," ते म्हणाले, आणि एकेक बटण लावत गेले. सावकाश, काचेचं असावं तसं.

वाटेत ते हात अंगाशी धरून चालत होते. मी बोलत होतो. मी काय बोलत होतो ते देवालाच ठाऊक. बहुधा शेटजी मला धुण्याचा मंत्री करणार असं काहीतरी.

कुप्या भरायच्या खोलीला एक काचेची खिडकी होती. पेट्या रचायच्या निमित्तानं मी तिच्यापाशी होतो. आत काळी टोपी घातलेले शेटजी, दोन साहेब, मुकादम. एका बाजूला बाटल्या धुणाऱ्या पाच-सहा बाया रांगेनं उभ्या. तात्यांनी भरलेल्या कुप्यांचा ट्रे टेबलावरून उचलला. दोन्ही हातांनी, छातीशी, जराही न हलवता. शेटजी त्यांच्या हातांकडे बघत होते आणि मान डोलवत होते. विणकराचे हात, ते बघण्यासारखे होतेच. मग तात्यांनी ट्रे वरच्या फळीवर ठेवायला हात उंचावले.

कोट बगलेपासून कमरेपर्यंत गेला. फाटला म्हणण्यापेक्षा सुटला. भिजलेला कागद सुटावा तसा, धड आवाजही न करता. पाठ उघडी पडली. बरगड्या, मणके, सगळं. आणि दुसऱ्या बाजूची बाही खांद्यापासून निखळून कोपरावर आली.

दुसरा कुणी असता तर त्यानं आधी ट्रे ठेवला असता. तात्या बायांसमोर कधी उघड्या अंगानं उभे राहिले नव्हते. मावशी अंगणात असल्या तर ते विहिरीवर अंघोळ करत नसत, थांबून राहत. त्यांचा एक हात ट्रेवरून सुटला आणि कोट धरायला गेला. ट्रे कलला.

कुप्या पडताना मी मोजल्या नाहीत. मी सांगताना त्या कधी दोनशे असायच्या, कधी हजार.

शेटजी ओरडले नाहीत. ते मागे सरकले, धोतराचा सोगा वर धरला, बाजूच्या साहेबाशी दोन शब्द बोलले आणि पुढच्या खोलीत गेले. तात्या खाली बसले. एका हातानं कोट धरून दुसऱ्या हातानं काचा गोळा करत राहिले. एक बाई पुढे होऊन केरसुणीनं लोटू लागली, तर ते तिला म्हणाले असावेत, राहू द्या, बोटं कापतील. कारण ती मागे झाली. दुपारी मुकादमानं बाहेर येऊन सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

संध्याकाळी मावशींनी विचारलं. तात्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते. उत्तर मी दिलं.

"कंपनीचा कपडाच सडका मावशी! गोदामात पडून पडून कुजलेला. शेटजींना तोंडावर सांगितलं मी, म्हटलं, असला कपडा देता आणि माणसाला नाव ठेवता?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या वळचणीकडे गेल्या, बरणी काढली, आत घरात नेली. जाताना काही बोलल्या नाहीत. एरवी ज्यांच्या आवाजानं मालगाड्या हलवल्या त्या मावशी.

तात्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं.

बुधवारी दुपारी त्यांची बायको आली. स्टेशनवरून विचारत विचारत, डोक्यावर बोचकं, हातात पत्र. पत्र तिला वाचता येत नव्हतं, पण पत्त्यासाठी धरलं होतं. बारीक, सावळी बाई. पायांत वहाणा नव्हत्या. तात्या तिला बघून उठून उभे राहिले आणि तसेच राहिले. तिनं पडवी बघितली, गोठा बघितला, आमच्या दोन वळकट्या बघितल्या.

"खोली ही व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई," तात्या म्हणाले. "ती मिळाली न्हाई."

"बरं."

ती बोचकं खाली ठेवून त्यातलं सामान काढायला लागली. एक तवा, दोन ताटल्या, एक पितळी. मावशींनी विचारलं, बाई, पाण्याला घागर-कळशी काही आणली नाहीस? ती म्हणाली, "दोनी भावजयला देऊन आले. दाराशी नळ हाये म्हनून कळलं व्हतं." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा.

पाच दिवस ती तिथं राहिली. मावशींच्या घागरीनं पाणी आणलं. न विचारता आमचे दोघांचे कपडे धुतले. माझा पटकाही धुतला, वेगळा, गार पाण्यात, मूठभर मीठ घालून. रंग निघायचा थांबला. फाटका कोट तात्यांनी कंपनीत परत करायला नेला, तर स्टोअरवाला म्हणाला, हे घेऊन काय करू? तिनं त्याची पाठ बघितली, बोट लावलं. जिथं बोट लावलं तिथं भोक पडलं. फडक्यालाही उपयोगाचा नव्हता. तरी तिनं तो घडी करून बोचक्यात ठेवला.

सोमवारी ते निघाले. भावाकडे परत जायचं नव्हतं. घागर-कळशी देऊन बाहेर पडलेल्या बाईनं तिथं पुन्हा कसं जायचं? सोलापुराकडे कुणा ओळखीच्याचे माग होते, तिथं बघू म्हणाले. मी बोचकं स्टेशनवर पोचवलं. पुढे त्यांची गाठ कधी पडली नाही, आणि पत्र लिहायचं तर ते लिहिणारा मीच होतो.

फलाटावर बायको बोचक्यावर बसली होती. तात्या रुळांकडे बघत उभे होते. आठ दिवस मी जे बोललो नव्हतो ते तिथं बोललो. फुगवलं नाही, कमीही केलं नाही.

"तात्या, कपडा कंपनीचा सडका नव्हता. मी विहिरीची पावडर घातली, तीन मुठी. आणि नंतर एकाच पाण्यातून काढला. पाणी ओढायचा कंटाळा, आणि लोक जायच्या आत दोरीवर घालायचा होता."

लांबून गाडीचा धूर दिसला. तात्यांनी बोचक्याची गाठ एकदा ओढून बघितली.

"तीन पाण्यांतनं काढायला पायजे व्हता," ते म्हणाले.